कोरा नमुना

३ मार्च, मंगळवार

सापडला! ऐंशी ओलांडलेल्या एका आजींच्या रक्तात त्यांच्या मुलाची पेशी!

काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. बाईच्या पेशीत दोन लाल ठिपके दिसतात, पुरुषाच्या पेशीत एक लाल, एक हिरवा — आम्ही रंगच तसे लावतो. लाल म्हणजे एक्स गुणसूत्र, हिरवा म्हणजे वाय. आजींच्या त्या सगळ्या लाल गर्दीत एकच हिरवा ठिपका. बाळ जन्मतं, नाळ कापतात, आणि त्याच्या थोड्या पेशी आईच्या अंगात राहूनच जातात. वर्षानुवर्षं! वाचून माहीत होतं, पण आज डोळ्यांनी पाहिलं. तो मुलगा आता स्वतः आजोबा झाला असेल, गुडघे धरून जिना चढत असेल. आणि इथे आईच्या रक्तात अजून फिरतोय.

माझ्यासोबत काम करणाऱ्याला दाखवलं. (पावलं न वाजवता मागे येऊन उभा राहतो म्हणून सगळे त्याला बोक्या म्हणतात.) म्हटलं, अशा पेशी बायकांच्या मेंदूतही सापडल्यात.

"म्हणजे आई मला 'डोक्यात जातोस' म्हणते, ते खरंच की!"

दोघंही वेड्यासारखे हसलो.

४ मार्च, बुधवार

आज माझं रक्त घेतलं. तपासणीच्या प्रत्येक फेरीत एक नमुना असा लागतो की ज्यात हिरवं काही असूच शकत नाही. तो कोरा राहिला तर बाकीच्यांचं खरं मानायचं. कधीच दिवस न गेलेली बाई हवी. ती मी! लग्न नाही, मूल नाही, चाळिशी पार — प्रयोगशाळेची हक्काची कोरी. पहिल्यांदा आमच्या प्रमुख मॅडम विचारताना चाचरत होत्या, मीच बाही वर केली. त्यात लाजायचं काय?

तरी बोक्या "कोरी आली, कोरी आली" करतो तेव्हा कधीकधी टोचतं. सुईपेक्षा जास्त. असो.

६ मार्च, शुक्रवार

माझ्यात हिरवा!!

डोळे चोळून पाहिलं. उठून पाणी प्यायले. परत पाहिलं. आहे! एक लाल, एक हिरवा, मजेत.

मॅडमचा चेहरा पडला. "कोऱ्यातच घोळ, म्हणजे सगळी फेरी गेली." मग आजींचा मुलगाही खोटाच का? कोणाचा तरी हात लागला असणार. मी बोक्यावर उखडले — "शिंकलास का माझ्या नळीवर?" तो बिचारा शपथेवर सांगत सुटला की त्या दिवशी त्याने नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. फार बोलले त्याला.

९ मार्च, सोमवार

नवीन रक्त. नवीन नळ्या, नवीन रसायनं. बोक्याला खोलीबाहेर काढलं — दाराच्या काचेतून वाकुल्या दाखवत होता. मॅडमनी स्वतः सुई टोचली.

१२ मार्च, गुरुवार

परत आहे.

या वेळी एक सोडून दोन. म्हणजे घोळ नाही. ते माझ्या अंगात आहेत. कोण आहेस बाबा तू?

मॅडम मघाशी दार लावून समोर बसल्या. "एक विचारू? राग मानू नकोस. कधी चुकून... लवकर पडून गेलं, असं?"

"मॅडम, ती वेळ आली असती तर मला कळलं असतं हो!"

आम्ही दोघी हसलो. मग त्या गंभीर झाल्या. कधी रक्त चढवलं होतं? माहीत नाही. जन्माआधीच विरून गेलेलं जुळं? असू शकतं. "आणि एक वाट आहे. थोरल्या भावाच्या पेशी आईत राहतात, आणि आईकडून पुढच्या बाळात उतरू शकतात. थोरला भाऊ आहे तुला?"

"एकुलती एक आहे मी."

"मग रक्ताचं विचार आईला."

रस्ताभर आपल्याच मनगटाकडे पाहत आले. बसमधल्या बाईला वाटलं, घड्याळ हरवलंय.

१४ मार्च, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

आई माझ्या पांढऱ्या कोटाला बटण लावत होती. सहज विचारलं — लहानपणी मला रक्त चढवलं होतं का गं? म्हणाली, का? म्हटलं, माझ्या रक्तात कोणा मुलाच्या पेशी सापडल्यात, कुठून आल्या कळत नाही. आजींचंही सांगितलं. सांगताना मी आपली रंगात आले होते. तिची सुई कधी थांबली ते कळलंच नाही.

"रक्तबिक्त नाही चढवलं. तुझ्या आधी एक होता."

"एक काय?"

"मुलगा. दिवस भरले होते. रडलाच नाही. नर्सने गुंडाळून नेला. म्हणाली, बघू नका, त्रास होईल. नाही बघितलं. तुझे बाबा म्हणाले, आता हा विषय नको. नाही काढला."

बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाही काढला! मला भयंकर राग आला. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून ही बाई माझे डबे भरत होती, माझ्या परीक्षांना जागत होती! मग रागाचं पाणीच झालं. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वर्षांनी ठेवलं असेल.

नंतर नीट समजावलं. तो तुझ्या पोटात होता, त्याच्या काही पेशी तुझ्यात राहिल्या असतील. मग मी आले, तुझ्याकडून माझ्यात आल्या असतील. आईने सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली.

"म्हणजे तो गेलाच नव्हता?"



१६ मार्च, सोमवार

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, शंभर टक्के खात्री नाही देता येणार, जुळंही असू शकतं. माहीत आहे. आईला तेही सांगितलं. तिने अगदी शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मला कधी नेतेस?"

१९ मार्च, गुरुवार

आई आली. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून. बोक्याने पळत जाऊन खुर्ची आणली आणि चक्क बाहेर निघून गेला. पावलं वाजवत!

काळोख्या खोलीत तिचं डोकं धरून तिला भिंगावर वाकवलं. आधी म्हणाली, काहीच दिसत नाही. मग श्वासच थांबला तिचा.

"तो हिरवा?"

"तो."

"एवढासाच!"

बघतच राहिली. मी आपली सवयीने बोलून गेले, फार वेळ नको हं, या उजेडाने रंग फिके पडतात. झटकन डोळा काढला तिने.

"मग बंद कर ना तो दिवा! आधी सांगायचं नाही का?"

काचेवर घेताना पेशी मरते हे नाही सांगितलं. माझ्या रक्तात फिरताहेत त्या जिवंत आहेत, तेवढंच सांगितलं. खरंच तर आहे. मॅडमनी जाता जाता आईचंही रक्त घेतलं. आई म्हणाली, "पाहिजे तेवढं घ्या."

२४ मार्च, मंगळवार

आईच्या रक्तात नाही. मी पाहिलं, बोक्याने पाहिलं, मॅडमनी पाहिलं. लाल, लाल, लाल.

घरी येऊन कसं सांगावं कळेना. एका नळीत नाही म्हणजे अंगात नाहीच असं नसतं, पुन्हा बघू — असं काय काय बडबडले. तिने मध्येच थांबवलं.

"तुझ्याकडे आहे ना? मग झालं. मीच दिला असेन."

आणि माझ्या दंडावर हात फिरवत बसली. मी चाळिशीची घोडी, पण हललेसुद्धा नाही.

मॅडमनी मला कोऱ्यातून काढलं. दुसरी कोरी शोधायची म्हणाल्या, मग स्वतःच थांबल्या — जगात खरंच कोरी अशी मिळेल का कोणी?

२५ मार्च, बुधवार

दुपारी आईचा फोन.

"जेवलात का?"

मला वाटलं, चिडवतेय. आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नाही तिने मला. मग लक्षात आलं.

"जेवलो दोघंही," मी म्हटलं.