बातमीतला आनंद

अप्पा, काल पेटी उपसताना तुमच्या त्या गुलबर्ग्याच्या साप्ताहिकाचे अंक निघाले. कागद इतका वाळलाय की पान उलटायची भीती वाटते. तरी बसून सगळे वाचले आणि एकटीच हसले. जिथंतिथं बातमीच्या शेपटाला आनंद! पूल झाला, जनतेला आनंद. तहसीलदार येऊन गेले, आनंद. मोटार उलटली, तर कुणी दगावलं नाही म्हणून आनंद. आपल्या हळ्ळीखेडच्या बातम्या तेवढ्या कोरड्या ठणठणीत, कारण वार्ताहर तुम्ही.

तुमची शाळा उर्दूत झालेली, बाळबोध लिपी लिहायला तुम्हाला जमायचं नाही. रविवारी जेवणं झाली की तुम्ही उर्दूतलं टिपण हातात धरून मराठीत सांगताय, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून उतरवून घेतेय, आणि मजुरी म्हणून वाटीत गूळ-शेंगदाणे. नव्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा मी आपणहून 'ग्रामस्थांना आनंद झाला' असं लिहिलं, तर तुम्ही माझा हातच धरलात. "कामून लिहायलीस ते? आनंद कुणाला झाला? बघून आलीस व्हय?" आणि तसेच चपला घालून विहिरीवर गेलात, पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलंत. एकजण म्हणाली, "आनंद कशाचा अप्पा, दोर पुरंना झालाय." बातमी तशीच छापून आली: पाणी लागले, दोर अपुरा पडतो. मला तुमचा भारी राग आला होता. एवढी चांगली बातमी, आणि तिला दोर बांधून ठेवलात.

मग छप्पन साली भाषावार राज्यं झाली, हैदराबाद स्टेट मोडलं. त्या आठवड्यात तुम्हाला ताप होता. पडल्या पडल्या दोनच ओळी सांगितल्यात: आपला तालुका म्हैसूरकडे गेला, उदगीर मुंबईकडे. पुन्हा वाचून घेतलं नाहीत, पाकीट मोटारीच्या ड्रायव्हरकडे दे म्हणालात. मी दारात उभ्या उभ्या खाली जोडलं, 'गावात सर्वत्र आनंदाचे वातावरण आहे.' बाकीच्या गावांच्या बातम्या कशा भरलेल्या दिसायच्या, आपलीच का उघडी असावी?

अंक आला त्याच दिवशी शेजारची अक्का दारात उभी. तिची लेक उदगीरला दिलेली. ओरडली नाही ती. अंक तिनं तुमच्यापुढं ठेवला. "अप्पा, लेक एका राज्यात, मी एका राज्यात. अन् सगळ्या गावाला आनंद म्हणं. माझ्या दारात कवा आलता इचारायला?"

तुम्ही ती ओळ बघितलीत आणि तुमचा चेहरा उतरला. "अक्का, ही ओळ माझी न्हाई. पेपरवाल्यांनी घुसडलीय. माझी पोरगी बिनविचारता आनंद लिहायची न्हाई, तिला म्या शिकवलंय."

तिथंच बोलायला हवं होतं. तुमच्या त्या भरवशानंच माझी जीभ आवळली. तुम्ही वार्ताहरकी सोडलीत, पुन्हा एक ओळ पाठवली नाहीत. रविवार यायचे, जेवणं व्हायची, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचात. शेंगदाण्याची वाटी फळीवर पालथी. त्या उंबऱ्यात एकदा, एकच दुपार, तुमच्यासमोर बसायला मिळावं असं या वयातही वाटतं, अप्पा. वाटीत काही नसलं तरी चालेल.

तुम्ही गेलात ते पेपरवाल्यांनाच दोष देत. हे पत्र त्या अंकांमध्येच घालून पेटी लावून टाकते, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पण तुम्ही विचारायचात ना, आनंद कुणाला झाला? मला झाला होता. अक्का यायच्या आधी तो अंक मी चुलीपुढं नेला होता, आणि माझं ते वाक्य छापलेलं चार वेळा वाचलं होतं.