हात सोडायचे नाहीत

रत्नागिरी, पौष, सोमवार संध्याकाळ

हाताला अजून झिणझिण्या आहेत. इथल्या दमट हवेत विजेचं यंत्र चालतं ते कोरड्या थंडीतच, म्हणून आज सातवीची सगळी मुलं हातात हात देऊन उभी केली. महारवाड्यातली दोघंही त्याच साखळीत. "हात सोडायचे नाहीत," म्हटलं. धक्का बसला तशी सगळी एकदम किंचाळली, मग पोट धरून हसली.

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी बोलावलं. "गावात बोभाटा झालाय. यापुढे प्रयोग फळ्यावर."

"फळ्याला धक्का बसत नाही, साहेब."

"मग त्या दोघांना वगळा."

वगळू? मधला एक हात सुटला की वीज पुढे जात नाही, हेच तर शिकवतोय मी!

उद्या सहावीचा तास. तिथेही महारवाड्यातला एक मुलगा आहे; एक हात त्याच्या हातात देईन, दुसरा हेडमास्तरांपुढे करीन. बघू, धरतात का.