दोन्हीकडे विजय

सीफ, बहरीन
४ ऑक्टोबर

ती. मयुरेशदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर शैलेंद्र ऐकेल म्हणून पत्र. आम्ही इथेच राहतोय! माझं बँकेतलं प्रमोशन, अनुष्काची बारावी, सगळं त्याच्यापुढे मांडलं, तर हूं की चूं नाही. पटल्याशिवाय का गप्प बसला? पुण्याला येणं खलास. आईला तूच सांग बाबा, मला ओरडेल.

लोभ आहेच, तो माझ्या बाजूने राहू दे.
तुझी नीला

सीफ
५ ऑक्टोबर

प्रिय मयुरेशराव,
स. न. वि. वि.

अभिनंदन करा! अस्करच्या कारखान्यातलं माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं की आम्ही पुण्याला. तुमची बहीण तासभर तावातावाने बोलली, मी शांतपणे ऐकलं, शेवटी दमून तीच उठून गेली. म्हणजे मिटलंच. फ्लॅटच्या भाडेकरूंना नोटीस देऊन टाका.

लोभ वाढवा, शक्यतो माझ्यावर.
आपला शैलेंद्र

पुणे
२१ ऑक्टोबर

चि. अनुष्कास,
अ. उ. आ.

तुझ्या आईबाबांची पत्रं एकाच दिवशी आली. हसून हसून चहा सांडला. सतराव्या शतकात इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट लढत होते, तेव्हा दोघांची छापील वार्तापत्रं निघायची. लढाई एकच, विजय दोन्हीकडे! शत्रूचा सेनापती मेला म्हणून छापायचे, आणि पुढच्या आठवड्यात स्वारी घोड्यावर हजर. हे मी कॉलेजात शिकवतो. घरपोच येईल असं वाटलं नव्हतं.

अशा वेळी आम्ही त्रयस्थ साक्षीदार शोधतो. तर बाईसाहेब, खरं काय ते लिही. आणि तुला कुठे राहायचंय, हे दोघांपैकी कुणीच लिहिलेलं नाही, तेही लिही.

तुझ्यावरचा लोभ मागावा लागत नाही.
मयुरेशमामा

सीफ
३ नोव्हेंबर

ती. मामा,
शि. सा. न. (मराठी चुकलं तर हसायचं नाही.)

कोणीच जिंकलं नाहीये. आई माझ्या खोलीत झोपते, बाबा सोफ्यावर. बेडरूममध्ये नुसता एसी असतो. बाबांना मीठ हवं असलं तर ते मला सांगतात, मी आईला.

आणि मी त्रयस्थ नाहीये. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, मला इथेच राहायचंय. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, पुण्याला. म्हणून तर दोघांना वाटतंय आपण जिंकलो. मला कुठेही चालेल रे मामा, पण दोघं पाहिजेत. हे मला इथे बोलता येत नाही. तू लिही ना. मात्र पाकीट एकच पाठव, त्यावर दोघांची नावं घाल, आणि पत्राखाली माझं.

लोभ आम्हा तिघांवर मिळून असू दे.
अनुष्का