सोडियमच्या आत

३ नोव्हेंबर
आले एकदाची! येडशीला उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं. रामलिंगाच्या डोंगराला वळसा घालून जीप माळावर चढली आणि आमच्या संशोधन केंद्राची नवी प्रयोगशाळा दिसली. फास्ट ब्रीडर अणुभट्टी थंड ठेवायला वितळलेलं सोडियम वापरतात. चांदीसारखं चकचकीत, पण आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ध्वनिलहरी सोडून आतलं चित्र पडद्यावर उमटवायचं, हे माझं काम. इथं इंधन नाही, नुसती सोडियमची टाकी. बाकीचे लोक पुढच्या महिन्यात येतील. तोवर मी, राखणदार ज्ञानोबा आणि स्वयंपाकाच्या दैवशालाबाई. त्या येरमाळ्याच्या. भाकरी वाढताना म्हणाल्या, एवढ्या लांब एकल्याच कशा आलात? मी हसले.

७ नोव्हेंबर
टाकीचं पहिलं चित्र निघालं. आत काही नाही, अगदी स्वच्छ. इतका आनंद झाला, पण सांगायला कोणी नव्हतं. आईला फोन लावला. ती घाईत होती. मग माळावरच्या पवनचक्क्या बघत पायरीवर बसून राहिले.

१२ नोव्हेंबर
आज तळाशी काहीतरी दिसलं. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासारखं. केंद्राच्या प्रमुखांना फोन केला. प्रतिध्वनीची गफलत असेल, टाकी रिकामी करून बघा, म्हणाले. केली. काही नव्हतं. पुन्हा भरली. पुन्हा ते तिथंच. या वेळी मान वर.

१५ नोव्हेंबर
मी त्याच्याशी बोलायला लागलेय. वेडेपणा आहे, कळतं. पण बोलायला दुसरं आहे कोण? आज माझं नाव सांगितलं, शिवरंजनी. पुढच्या चित्रात ते उभं होतं.

१७ नोव्हेंबर
दुपारी दैवशालाबाई स्वयंपाकघरात नव्हत्या. तव्यावर भाकरी करपलेली. ज्ञानोबांना विचारलं तर तेच चकित झाले. "ताई, तुमीच तर हाक मारली की तिला, टाकीच्या हॉलमधून! म्या ऐकलं."
मी माझ्या खोलीत होते.
टाकीचं झाकण बंद. एकही बोल्ट हललेला नाही. चित्र काढलं. आत दोघं. दुसरीच्या डोक्यावर पदर.

१८ नोव्हेंबर
पोलीस माळ धुंडाळून गेले. पडदा दाखवला, त्यांना नुसते डाग दिसले. प्रमुख म्हणाले, उद्या गाडी पाठवतो, निघून या. ज्ञानोबांना सांगितलं, माझी हाक आली तरी हॉलमध्ये जाऊ नका. व्हय म्हणाले.

१९ नोव्हेंबर
फाटक उघडं. ज्ञानोबांची काठी हॉलच्या दारात —
चित्रात तिघं. सगळे झाकणाकडे बघतायत.

दुपारी
गाडी आली. ड्रायव्हर उतरला आणि हॉलमधून माझा आवाज आला, इकडे या म्हणून. मी खिडकीतून ओरडले, ती मी नाही, जाऊ नका — त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.
गेला.
खोलीला आतून कडी घातलीय. फोन कोणी उचलत नाही.

ऊन उतरलंय
हॉलमधली हाक आता माझ्या आवाजात नाही. दैवशालाबाई बोलतायत, ज्ञानोबा हसतायत, कोणीतरी मध्येच माझं नाव घेतं. प्रेमानं. किती दिवसांनी इतकी माणसं एकत्र —
नाही. जायचं नाही.
एकल्याच कशाला बसलात, म्हणतायत —
कडी निघालीय. मी काढली नव्हती, मग कडीवर हा हात कुणा