दुसरं पान

वाशीम,
९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
लीलाचा सा. नमस्कार.

प्रकृती बरी. घसा तेवढा गेलाय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर माईकसमोर उभं राहायचं नाही. म्हणून फोन न करता लिहितेय. मेडशीकडे सोयाबीन पिवळं पडलंय म्हणे. आपल्या वावरात कसं आहे?

दसऱ्याला तुळाजी पणजोबांचा घोड्यावरचा पुतळा बसवायचा आणि भाषण मी करायचं, हे तू परस्पर ठरवलंस. त्यांची माहिती काढायला रिठदला रंगूआत्याकडे गेले. नव्वदीची झाली, पण त्यांच्या मांडीवर बसून जेवलेली ती एकटीच उरली आहे. पुतळ्याचं ऐकून हसतच सुटली.

"घोडा? अवो माय, माह्या आज्याच्या पायात जोडा नोहता!"

"मग मेडशीले आला कसा, आत्या?"

"चालत. मोठ्या दुष्काळात. चार-पाच वर्साचं लेकरू, मायबाप वाटेतच मेले. आपल्या पाटलीनबाईले मूलबाळ नोहतं, तिनं पदरात घेतलं. जात नाही विचारली. त्याले तरी कुठं ठाव होती?"

मी वहीत लिहून घेत होते.

"सर्वपित्रीले दुसरं पान कोनाचं वाढता तुमी?" तिनं विचारलं.

उंबऱ्याबाहेरचं ते बिननावाचं पान, दादा. बाबा वाढायचे, आता तू वाढतोस. आपण समजायचो, वाटसरूचं असेल. ते पणजोबांच्या जन्मदात्या आईबापाचं. नावं आठवत नव्हती, म्हणून नावाशिवाय वाढायचे.

थकलेय रे मी. तीस वर्षं गावोगाव जातीवर बोलले, पुस्तकांतले दाखले दिले, टाळ्या घेतल्या. तुझ्या ओट्यावर मात्र माझा एक शब्द चालला नाही. वैभवीनं शिवमशी लग्न केलं आणि "आपल्या रक्तात असलं नाही" म्हणून तू पोटच्या पोरीला दार लावलंस. तीन वर्षं झाली. आता वाद घालायचा जीव उरला नाही.

भाषण मी करणार नाही. सर्वपित्रीला मात्र येईन, वैभवी आणि शिवमला घेऊन. ज्यांची जात कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यापुढे तू दरवर्षी हात जोडतोस. शिवमची ठाऊक आहे, एवढाच त्याचा गुन्हा.

आत बोलावलं नाहीस, तर आम्ही तिघं त्या दुसऱ्या पानाशेजारी बसू. वाढायला तुला बाहेर यावंच लागेल.

वाट पाहणारी, तुझी बहीण,
लीला