मीटरमधून हरवलेले आठ किलोमीटर

मु. शेंदूरजनाघाट,
संत्र्याच्या तोडीचे दिवस

साळभाऊ किशोर यास,

तुझ्या भाऊजीचा नमस्कार. (वयाने मी आशीर्वादच द्यायला हवा, पण तुझ्यापुरता तो सध्या संपला आहे.) तुझी प्रकृती, तुझ्या गाडीची प्रकृती आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही सोसण्याजोगी असतील असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस. पत्र कोणी हातात आणून दिलं तर घ्यावंच लागतं, म्हणून हा खटाटोप.

हे पत्र मी उभ्याने लिहितो आहे, आणि त्याचं कारण कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे. आमच्या घरात एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं. बारा वर्षं मी त्यावर बसून चहा घेतला, पेपर वाचला, व्यापाऱ्यांशी भांडलो. (घरात खुर्च्या आहेत, पण हातवाल्या खुर्चीत बसून मला नीट भांडता येत नाही.) ते स्टूल आता पिकअपचं झालं आहे. तू सुचवलेली मोठी चाकं लावल्यापासून गाडी इतकी उंच झाली की स्टुलाशिवाय मला तिच्यात चढता येत नाही. चढलो की स्टूल खाली राहतं, म्हणून त्याला दोरी बांधली आहे आणि ते वर ओढून घ्यावं लागतं. वरुडच्या बाजारात पंचावन्न वर्षांचा बागाईतदार, विहिरीतून बादली काढावी तसा स्टूल ओढताना लोकांनी पाहिला आहे. तुझी ताई म्हणते, "आता एक शिडीच घेऊन टाका, म्हणजे छपरावर टीव्हीचा अँटेनाही लावता येईन."

तुला आठवत नसेल, म्हणून आठवण देतो. तुझ्या पुतणीच्या साक्षगंधाला मी अकोल्यास आलो होतो. जेवणं झाल्यावर तू तुझ्या पिकअपच्या चाकावर पाय ठेवून, दात कोरत उभा होतास. ते चाक तुझ्या कमरेला लागत होतं. गाडीपेक्षा चाक मोठं आणि चाकापेक्षा तुझा रुबाब मोठा. तू म्हणालास, "भाऊजी, हिशोब सोपा आहे. चाक मोठं, का फेऱ्या कमी. फेऱ्या कमी, का डिझेल कमी." मी बी.एस्सी.ला दोन वर्षं होतो (एकाच वर्गात), त्यामुळे हे शास्त्र मला लगेच पटलं. संध्याकाळपर्यंत माझ्या गाडीला चार रुंद, जाड नक्षीची चाकं बसली होती. जुनी चाकं तू "पडून राहतीन इथंच" म्हणून ठेवून घेतलीस. ती आता तुझ्या ट्रॉलीला लागली आहेत हे मला कळलं आहे. कसं, ते विचारू नकोस. तुझी ताई माहेरी रोज फोन करते.

पहिला निषेध बागेत झाला. संत्र्याचे कॅरेट भरणाऱ्या बायकांना ते आता डोक्याच्या वर उचलावे लागू लागले. गोदाबाईने एक कॅरेट उचललं, गाडीकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं. "हे गाडी व्हय का मचान?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी भरणीला दुप्पट वेळ लागला. मी म्हटलं, लागू दे, डिझेल तर वाचतं आहे.

ते वाचत नव्हतं. आमची बाग ते अमरावतीचं मार्केट हा रस्ता माझ्या गाडीच्या मीटरवर गेली कित्येक वर्षं शंभर किलोमीटर भरतो. जाऊन-येऊन दोनशे, आणि डिझेल सव्वाचौदा लिटर. आता त्याच फेरीला सतरा लिटर लागू लागलं. आणि मीटर बघतो तर जायचे ब्याण्णव, यायचे ब्याण्णव. रस्ता प्रत्येक बाजूने आठ किलोमीटर कमी झाला होता आणि डिझेल वाढलं होतं.

इथे, किशोर, माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. गाडी कमी चालते आणि जास्त पिते, याचा अर्थ एकच. ड्रायव्हर वाटेत मीटरची वायर काढतो, कोणाचं तरी भाडं मारतो, आणि वायर परत लावतो. आपल्या भागातल्या कुठल्याही गाडीमालकाला विचार, तो हेच सांगेल. आम्हाला चोर आधी माहीत असतो, चोरी मागून शोधतो.

माझा ड्रायव्हर चंद्रभान माझ्याकडे वीस वर्षं आहे. बार्शीटाकळीहून आला तेव्हा त्याला मिशी नव्हती, आता तिच्यात पांढरं आहे. मी त्याला बागेत, सगळ्या बायकांसमोर विचारलं. त्याच्या गळ्यातला दुपट्टा ओढून घेऊन हुंगला. डिझेलचा वास आला. (ड्रायव्हरच्या दुपट्ट्याला कशाचा वास यायला हवा होता, केवड्याचा?) तो दुपट्टा मी पुरावा म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवला आणि वाढीव डिझेलचे पैसे त्याच्या पगारातून कापले.

तो भांडला नाही. म्हणाला, "गोपालभाऊ, गाडी तुमची, मीटर तुमचं. मले फक्त रस्ता माईत आहे. रस्ता शंभरच आहे." किल्ली कॅरेटवर ठेवली आणि गेला. नऊ दिवस घरी बसून होता. ऐन तोडीत गावभर ड्रायव्हरची बोंब, पण त्याला कोणी बोलावलं नाही. ज्याच्यावर डिझेलचा आळ आला, त्याच्या हातात किल्ली कोण देणार?

मग मी स्वतः गाडी घेऊन निघालो. स्टूल ओढून घेतलं आणि मीटरची वायर माझ्याच हाताने चिकटपट्टीने बांधली. वाटेत थांबलो नाही, लघवीलासुद्धा नाही. अमरावतीला पोचलो तेव्हा मीटर म्हणालं, ब्याण्णव. परत आलो, ब्याण्णव. पंपावर टाकी भरली, सतरा लिटर. माझ्याच कायद्याने मी चोर ठरलो होतो. घरी सांगितलं तर तुझी ताई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग तुमी कोणाचं भाडं मारलं?"

दुसऱ्या खेपेला मी अमरावतीत शेषराव टायरवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस, बोलतो कमी. त्याने माझी स्टेपनी खाली काढली (ती तेवढी जुन्या मापाची राहिली होती) आणि नव्या चाकाशेजारी उभी केली. दोन्हींवर खडूने एकेक रेघ मारली आणि एकेक फेरी जमिनीवर फिरवली. नवं चाक वीतभर पुढे जाऊन थांबलं. म्हणाला, "मीटर रस्ता नाही मोजत, भाऊ. फेऱ्या मोजते." मग मला स्टेपनी उचलायला लावली. उचलली. नवं चाक उचलायला लावलं. ते जागचं हाललं नाही, माझी कंबर मात्र हालली. "एका चाकाले नऊ किलो जास्त आहे. गाडीवर ठेवलं तर नुसतं वाहून न्या लागते. चाकात भरलं तर दर खेपी फिरवा लागते, दर ब्रेकले थांबवा लागते. वरून हे रुंद, रस्त्याले घासून चालते. इंजिन त हेच आहे ना जुनं?"

म्हणजे निम्मी चूक मीटरची आणि निम्मी चाकाची. खऱ्या शंभरांनी हिशोब केला तर गाडी पावणेबाराचा अ‍ॅव्हरेज देते, मीटरने केला तर पावणेअकराचा, आणि आधी देत होती चौदाचा. चंद्रभानची चूक मी सगळीकडे शोधली. एक टक्कासुद्धा निघाली नाही.

मी त्याच्या घरी गेलो. संत्र्याच्या भावावर बोललो, पावसावर बोललो, चहा घेतला, दुसरा घेतला. दोन्ही कपांत माफी काही विरघळली नाही. शेवटी म्हटलं, अकोल्याची एक खेप आहे. तो म्हणाला, "जातो. गाडी तुमच्या साळ्याजवळ ठेवतो अन् तिकडूनच बार्शीटाकळीले निंगून जातो. आता इथं काय आहे?" हे पत्र तोच आणतो आहे. पाकीट बंद आहे.

तुझा,
गोपालभाऊजी

ता.क. १. माझी चारी चाकं ट्रॉलीची काढून गाडीला लाव, आणि ही तुझी तुला. बदलताना चंद्रभानला शेजारी उभा कर. येताना मीटर त्यानेच बघितलं पाहिजे.

ता.क. २. वर तुला जे बोललो त्यातलं निम्मं परत घेतो. चाकं तू सुचवलीस, चोर मी सुचवला. बागेत सगळ्या बायकांसमोर मी आळ मागे घेतला आहे. गोदाबाई म्हणाली, "आमाले काहून सांगता? त्याले सांगा." ते मला जमलेलं नाही. त्याला जेवू घाल, बार्शीटाकळीच्या गाडीत बसू देऊ नकोस, आणि हे पत्र त्याला वाचून दाखव. गाडीतलं निळं स्टूल मला परत हवं आहे, पण ते त्याच्याच हाती पाठव. दुसऱ्या कोणी आणलं तर मी उभाच राहीन.

ता.क. ३. ड्रायव्हरच्या सीटमागे त्याचा दुपट्टा धुऊन ठेवला आहे. त्याने पाहिला नसेल तर दाखव. टोकाला गाठ आहे. पगारातून कापले होते तेवढेच आहेत. ती तू सोडू नकोस.