एकाच तारेतून सगळं जातं

निझवा, शुक्रवार

चि. झुवैना हिला वडीलभाऊ खल्फानचा सलाम आणि आशीर्वाद. बाळाचं पोट आता ठीक आहे ना? तुझ्या बाळंतपणामुळे धाकट्या रय्याच्या लग्नाला तुला दार-एस-सलामहून येता आलं नाही, ह्याची हळहळ सगळ्यांना आहे. (आई तर तुझ्या नावानं रोज दोन घास जास्तच जेवते.)

बायकांच्या मेजवानीची फिल्म तुला पाठवीन, पण कुणा पुरुषाची नजर तिच्यावर पडू देणार नाही, असा शब्द मी आईला दिला होता. तो पाळला. म्हणजे पाळलाच म्हणायचा. फोटोवाल्या बाईंनी फिल्म एका डबीत घालून दिली. घरी एक प्रत राहावी म्हणून डबी कॉम्प्युटरला जोडायला मी मोबाइल चार्ज करायची तार घेतली, तर कॉम्प्युटर म्हणाला, उद्या दुपारच्या नमाजापर्यंत थांबा. मग बाजारात हमदानकडे गेलो. त्यानं दुसरी तार दिली. टोकं तंतोतंत तशीच, फक्त वर विजेची खूण. म्हणाला, "काका, हिच्यातून माहिती जाते, वीज जाते, चित्रसुद्धा जातं." मी म्हटलं, "आणि उंट?" दुकानदार बोलतातच. पण कॉफीला उकळी फुटायच्या आत फिल्म उतरली. दिसायला जुळ्या बहिणी, मग एक गाढव आणि एक ससाणा कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

फिल्म पुरती उतरली का, ते तुझी वहिनी नसरा आवाज बंद करून, कॉम्प्युटरवर शाल पांघरून, शालीत डोकं घालून पाहत होती. तेवढ्यात रय्याचे चुलतसासरे हाजी सैफ चार मंडळी घेऊन आले. नसरा हलवा काढायला धावली आणि जाता जाता म्हणाली, "बॅटरी मरतेय, लावा कुठंतरी." बैठकीतल्या नव्या टीव्हीला तसंच भोक आहे. टीव्ही भिंतीतून वीज खातो, त्यातली घोटभर ह्याला देईल, असा माझा हिशेब. शालीसकट कॉम्प्युटर नेला, तार लावली, शाल नीट सारखी केली आणि टीव्हीकडे पाठ करून कॉफी ओतू लागलो.

मंडळी एकदम गालिचा न्याहाळू लागली. पेला हलवून 'पुरे' म्हणायचंही कुणाला सुचेना, म्हणून मी ओततच राहिलो. शेवटी हाजी सैफ हळूच म्हणाले, "खल्फान, टीव्हीत बायका नाचतायत."

"नाही हो हाजीसाहेब, तिथून वीज येतेय."

"वीज नाही रे बाबा. तुझी आई आहे."

मी तार उपटली. मग सगळे खजुराच्या पिकावर फार मनापासून बोलले. वीज इकडे यायची तर चित्र तिकडे कसं गेलं? हमदान म्हणतो, काय कुठं जायचं ते दोन्ही टोकं आपसात ठरवतात. आमच्या घरात एवढं कधी ठरत नाही.

डबी सोबत पाठवतोय, तीच तारही. दुसरी लावू नकोस.

तुझा भाऊ,
खल्फान

ता.क. टीव्ही बिघडलाय, असं नसराला सांगितलंय. तूही तेच सांग.

आणखी एक. सगळे गालिचा पाहत होते असं लिहिलं, ते हाजी सैफ सोडून. बायको गेल्यापासून ते एकटेच आहेत. काल त्यांनी हलव्याचं मोठं भांडं पाठवलं, आणि त्याबरोबर आईसाठी मागणी. मला आधी रागच आला. पण तार उपटताना मीही वळून पाहिलं, झुवैना. आई हिरव्या कपड्यांत नाचत होती आणि पोट धरून हसत होती. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. तेव्हा आईला तू विचार. मी विचारलं, तर ती पहिलं हेच विचारेल की हाजींना हे आत्ताच कसं सुचलं. आणि आईपुढे मला खोटं बोलता येत नाही.